दोनदा मीठ

तळाशीलला वाळूत एक पाटी रोवली आहे,
‘सुकती’ सिनेमातला सुरू. बाण डावीकडे.
पर्यटक येतात, झाडाला मिठी मारतात,
तोंड वेडंवाकडं करून रडतात, फोटो काढतात.
खरा सुरू वादळात पडला,
त्याचे होड्या ओढायचे ओंडके झाले.
हा शेजारचा. मी कोणाला सांगत नाही.
पाटी माझ्याच चुलतभावाची, आणि त्याचं कोकम सरबत खपतं.

मला सांगायचंय ते दुसरंच.

कुंदा आरोलकर.
नाव घेतलं की लोक विचारतात, ती गाण्यातली?
नाही हो, गाण्यातली वेगळी.
ही नायिका. सुरुवातीच्या नावांपासून शेवटच्या अंधारापर्यंत
पडद्यावर असलेली, आणि तरी कोणाला न दिसलेली.
बक्षीस मिळालं त्याला, झाडाला कवटाळणाऱ्याला.
तिच्याबद्दल एका पेपरात एक ओळ आली होती:
‘कु. आरोलकर यांनी साथ दिली.’
साथ! पेटीवाल्याने द्यावी तशी.

मी तेव्हा बारा वर्षांचा. रोजचे तीन रुपये
आणि एक बटाटेवडा. काम एवढंच,
चंदेरी पत्रा धरायचा, ऊन तिच्या गालावर पाडायचं.
म्हणून मी बोलतो.
शूटिंगच्या आठ दिवस आधी ती एकटीच आली,
माझ्या आयेकडून बांगडा खारवायला शिकली.
पोट कसं फाडायचं, कल्ला कसा उपटायचा,
पिंपात शेपट्या कुठल्या बाजूला.
चिरलेल्या बोटांत जाडं मीठ गेलं की
ती डोळे मिटायची, हात नाही काढायची.
आये हसायची. “मुंबैची बोटां.”

मग तो सीन.
पोलीसपाटील येतो, होडी सापडली म्हणून सांगतो.
फक्त होडी.
ती पिंपापाशी. डायरेक्टर म्हणाला होता, रडा.
ती म्हणाली होती, बघते.
थर बांगड्यांचा, थर मिठाचा,
थर बांगड्यांचा, थर मिठाचा,
पाटील बोलून वळतो,
थर बांगड्यांचा,
थर मिठाचा,
थर मिठाचा.

एवढंच. हात बांगड्यांच्या टोपलीकडे गेलाच नाही,
परत मिठात गेला.
चेहऱ्यावर माझ्या पत्र्याचं ऊन, बाकी काही नाही.
डायरेक्टर म्हणाला, कट. चालेल.
चालेल म्हणे!

मालवणच्या टॉकीजमध्ये नऊ दिवस होता सिनेमा,
मी पाच वेळा पाहिला. हात दिसत होते.
पुढे टीव्हीवर आला तो खालून कापलेला,
आता फोनवर मिळतो तोही तसाच.
चेहरा तेवढा उरलाय, आणि चेहरा तर काही करत नाही.
माझा मुलगा बघून म्हणाला,
बाबा, ही नुसती उभी आहे.
मी फोनच्या खाली, टेबलावर, बोट ठेवलं.
हे बघ, इथे पिंप. इथे टोपली. इथे तिचा हात,
आता जातोय बघ, आता.
तो बिचारा सनमायकाकडे बघत राहिला.

ते पिंप सिनेमावाल्यांनी आम्हालाच दिलं.
श्रावण लागायच्या आधी, समुद्र बंद असताना,
आये मधल्या थराला पोचली.
तुकडा निखाऱ्यावर भाजून जिभेवर ठेवला
आणि थांबली.
“ह्येका दोनदा मीठ लागलां.”
सिनेमा तिने पाहिला नव्हता, टॉकीजात तिला घुसमटायचं.
सीनच्या दिवशी ती आचऱ्याच्या बाजारात होती.
परातीत पाणी घेतलं, बांगडे बुडवले,
आणि माझ्याकडे न बघता विचारलं,
“तिचां कोण गेलां रे?”

घोव, मी म्हटलं. सिनेमातलो.

“मगे बरोबर,” आये म्हणाली,
आणि पाणी बदललं.